काळी एकमधून पांढरी एकमध्ये : एका उतरत्या सुराचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला कळलं की आमचा अभंग काळी एकमध्ये सुरू होतो आणि पांढरी एकमध्ये संपतो. म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरून तिच्या लगेच खालच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर. मधे साधारण साडेसहा मिनिटं जातात. पेटी सुरुवातीचा सूर देऊन गप्प बसते, पुढचं सगळं नुसत्या गळ्यांवर, त्यामुळे गाताना कुणालाच काही खटकत नव्हतं. त्या दिवशी शेवटचा षड्ज, म्हणजे सा, लांबवलेला असताना मी सहज पेटीवर बोट ठेवलं आणि बावीसच्या बावीस माणसं एकदम थांबली. अख्खा अर्धा सूर खाली. मागून कुणीतरी म्हणालं, "पेटी चढली वाटते उन्हानं."

हसलो सगळे. पुढच्या तालमीला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच, आणि मग हसणं बंद झालं.

आमचा समूह म्हणजे नागपुरातल्या प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या पट्ट्यातले बावीस पुरुष. सर्वांत लहान 29 वर्षांचा, मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला. सर्वांत मोठे 71 वर्षांचे, मूळचे महाल भागातले, ज्यांना सगळे बुवा म्हणतात. निम्मे लोक बुवांच्या खंजिरी भजन मंडळातले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना लहानपणापासून म्हणत आलेली ही माणसं. एकत्र गाणं त्यांना शिकवावं लागत नाही. उरलेल्यांत एक वीज मंडळातून निवृत्त झालेले लाईनमन, एक इतवारीतले किराणा व्यापारी, दोन मास्तर आणि अजनीचे गार्डसाहेब. गार्डसाहेब मालगाडीवर गार्ड होते. रेल्वेनं 2022 साली या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं, पण तोवर ते निवृत्त झालेले, त्यामुळे ते गार्डच राहिले. मी शाळेत संगीत शिकवतो. कॉलेजात असताना एका मित्राबरोबर सदरच्या एका चर्चमध्ये नाताळाच्या तालमींना जायचो, तिथे चार आवाजांत गाताना अंगावर आलेला काटा डोक्यात राहिला होता. तेवढ्या भांडवलावर हा खटाटोप सुरू केला. दर बुधवारी संध्याकाळी, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर.

ठरवलं काय होतं, तर आषाढी एकादशीला तुकोबांचा एक अभंग, भूप रागातल्या चालीत, चार आवाजांत, साथीशिवाय म्हणायचा.

चार पुरुष आवाज

पुरुषांच्या समूहगानाची युरोपातली परंपरा चांगली दोनशे वर्षांची आहे. 1809 साली बर्लिनमध्ये त्सेल्टर नावाच्या संगीतकारानं मित्रांना टेबलाभोवती जमवून गायला लावलं, त्या बैठकीला नावच 'गाण्याचं टेबल' अशा अर्थाचं पडलं. मग जर्मन गावागावांत अशा मंडळ्या निघाल्या. वेल्सच्या कोळसा खाणींतल्या मजुरांनी त्याच शतकात हे गाणं आपलंसं केलं, आणि तेही बहुतेकांना पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसताना. त्यांच्याकडे कर्वेन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं रूढ केलेली अक्षरांची पद्धत होती: षड्ज कुठल्याही पट्टीत धरा, स्वरांची नावं तीच. म्हणजे आपली सरगमच की. मी आमच्या लोकांना भातखंडे पद्धतीनं लिहिलेले कागद वाटले तेव्हा हे सांगितलं. किराणावाले म्हणाले, "म्हणजे त्यांनी आपलंच घेतलं." तसं नाही, पण मी वाद घातला नाही.

चार आवाज म्हणजे पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. आम्ही त्यांना वरचे, मधले, खालचे आणि खर्ज म्हणायचो. तिकडच्या पुरुष समूहांची नेहमीची रड अशी की उंच टेनर मिळत नाहीत. आमच्याकडे उलटं. भजनात सगळे उंच पट्टीत, खुल्या आवाजात गाणारे. जो तो वरच्यांत बसायला तयार. खर्जात बसा म्हटलं की चेहरा असा करायचे जणू पंगतीतून उठवलं. "आम्ही काय नुसतं घुमायचं?" शेवटी खर्जाला चार माणसं मिळाली आणि त्यांत आवाज म्हणावा असा एकच, गार्डसाहेबांचा. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम ते असा लावायचे की वाचनालयाच्या काचेच्या कपाटाचं दार थरथरायचं.

कॉलनीतल्या एका वहिनींनी विचारलं होतं, बायका का नाहीत? कारण काही थोर नव्हतं, भजन मंडळ पुरुषांचं होतं म्हणून. तिकडे मात्र अशा कारणांतूनही मोठ्या रचना झाल्या आहेत. पॅरिसच्या आर्चबिशपनं अंत्यविधीच्या संगीतात बायकांच्या आवाजाला हरकत घेतली, म्हणून केरुबिनी या संगीतकारानं 1836 मध्ये केवळ पुरुष आवाजांसाठी दुसरं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, लिहिलं. 1842 मध्ये ते त्याच्याच अंत्यविधीला गायलं गेलं.

माझी पहिली चूक इथेच, आवाज मांडण्यात झाली. बायका-पुरुषांच्या मिश्र समूहासाठी जशी मांडणी करतात तशी मी केली आणि वरचे दोन आवाज सरळ एक सप्तक खाली आणले. कागदावर सुरेख दिसत होतं. ऐकायला मात्र चिखल. मिश्र समूहाला साडेतीन सप्तकं मोकळी मिळतात, पुरुषांना अडीचच्या आसपास. त्यात चार आवाज बसवायचे तर गर्दी होते, आणि गर्दी खालच्या बाजूला झाली की कान स्वर वेगळे काढू शकत नाही. काळी एकचा मध्य षड्ज 138.6 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, त्याचा शुद्ध गंधार साधारण 173. दोघांत जेमतेम 35 हर्ट्झचं अंतर. इतक्या खाली कानाची स्वर निवडायची चाळणी 100 हर्ट्झच्या आसपास रुंद असते, म्हणून दोन्ही स्वर एकाच भोकातून पडतात आणि खरखरतात. मंद्रात तर विचारूच नका. इलाज जुनाच आहे, तळाशी पंचमाचं किंवा सप्तकाचं अंतर ठेवायचं आणि गंधार वर न्यायचा. तानपुरा कान देऊन ऐकला तर तोही हेच करतो; गंधाराची तार नसते, तो वर कुठेतरी आपोआप उमटतो. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टनं 1821 मध्ये आठ पुरुष आवाजांची एक रचना केली, तिच्या साथीला व्हायोलिन घेतलंच नाही. व्हायोला, चेलो आणि डबल बास. अंधार हवा होता तर पुरता अंधार. पण तो शूबर्ट. मी फेब्रुवारीत सगळे कागद परत घेतले आणि तळ मोकळा केला.

दुसरी चूक बुवांनी पकडली. ध्रुवपदाच्या शेवटी पंचमाच्या स्वरसमूहातून (प-नी-रे एकत्र) षड्जावर यावं, असं सदरच्या चर्चमध्ये शिकलो होतो. त्या समूहाला शुद्ध निषाद लागतो. बुवा गाता गाता थांबले, चष्मा काढला.

"सर, भूपात नी कुठून आणला? पाहुणा आहे का घरचा?"

बरोबर होतं त्यांचं. भूपात म आणि नी नाहीत. सा रे ग प ध, या पाचांत पुरे तीनस्वरी समूह दोनच बनतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकीच्या जागी पोकळ पंचमांवर, म्हणजे मधला स्वर नसलेल्या सा-प सारख्या जोड्यांवर, भागवावं लागतं. मार्चमध्ये मी निषाद काढला. खर्जाची ओळ अशी झाली: षड्जावरून खाली मंद्र धैवत, तिथून वर रिषभ, रिषभावरून खाली मंद्र पंचम आणि परत षड्ज. सा-ध-रे-प-सा. प्रत्येक पावलाला वरच्या आवाजांतला एकेक स्वर धरून ठेवलेला, म्हणजे खर्जाला आधार राहील. ही ओळ फक्त ध्रुवपदात. अंतरे सगळे मिळून एकाच सुरात.

आणि महिन्याभरात सूर उतरायला लागला.

संशयित

पहिला संशय कूलरवर गेला. नागपुरात एप्रिल लागला की कूलर बसवतात, मेमध्ये पारा 45 ओलांडतो, आणि वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी साडेसहालाही भिंती तापलेल्या. ताज्या खसचा वास, अंगावर उडणारे तुषार आणि ती घरघर. ही कल्पना लाईनमनदादांची. ते म्हणाले, आपली वीज 50 हर्ट्झची, मोटर गुणगुणते ती दुपटीनं, 100 वर. मिहानवाल्या पोरानं फोनवर ट्यूनर अ‍ॅप लावून कूलरसमोर धरला: 100. आता आमचा मंद्र पंचम बसतो 104 च्या जवळ. म्हणजे खर्जातल्या चार माणसांच्या कानाशी दोन तास कुणीतरी पंचम गातोय, आणि तो अर्ध्या सुराला थोडा कमी असा उतरलेला. इतका देखणा पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला तर ते पटलंच.

कूलर बंद करून गाऊन पाहावं हे मात्र कुणी सुचवलं नाही. मे महिन्यात असली सूचना नागपुरात कुणी करत नसतो.

ते काम वादळानं केलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारीच, धुळीचं वादळ आलं आणि लाईन गेली. कूलर थांबला, पंखे थांबले. मोबाइलचे टॉर्च लावून, घाम पुसत, आम्ही पूर्ण अभंग गायलो. इतकी शांतता त्या खोलीत कधीच नव्हती. शेवटच्या षड्जाला पोरानं फोन पुढे केला. 131. पांढरी एक. कूलर निर्दोष सुटला.

दुसरा संशय वयावर. दम कमी पडला की ओळीच्या शेवटी स्वर खचतो, हे खरंच असतं. म्हणून मी सगळा अभंग, ध्रुवपदासकट, एकाच सुरात म्हणायला लावला, जसं ते भजनात म्हणतात तसं. शेवटी 138 ला जरा कमी. म्हणजे दम पुरत होता. पेटीवरही थोडा संशय घेऊन झाला, कारण पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो, एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. पण पेटी तर एकदाच वाजत होती.

उरली माणसं. आणि माणसांवर बोट ठेवायची वेळ आली की ते सगळ्यांत मोठ्या आवाजावर ठेवलं जातं.

"सर, राग नका मानू," किराणावाले चहाच्या वेळी म्हणाले, "पण गार्डसाहेब खाली खेचून राहिले. आम्ही वर बरोबर असतो, ते ओढतात."

दोघातिघांनी माना हलवल्या. मी काय बोललो ते मला नीट आठवतं, कारण मला त्याची लाज वाटते. मी म्हणालो, "पाहू. खर्ज जरा हळू घेऊ आपण." गार्डसाहेब जिन्यापाशी चपला घालत होते. त्यांनी ऐकलं. पुढच्या बुधवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

त्या दोन बुधवारी सूर कमी उतरला. वरचे खूश. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण गार्डसाहेबांशिवाय खर्जाची ओळ नीट ऐकूच येत नव्हती. जी ओळ ऐकू येत नाही ती कुणाला खाली कशी नेईल? याचाच दुसरा अर्थ मला उशिरा दिसला: ओळ ऐकू आली की सूर उतरतो. म्हणजे माणूस सोडून ओळ तपासायला हवी होती.

अजनी, दुपारी साडेचार

रविवारी त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं, काही न बोलता पन्हं आणून ठेवलं. गार्डसाहेब बनियनवर बसले होते, शर्ट घालायला उठले, मी नको म्हटलं. माफी मागायला शब्द जुळवत होतो तर तेच म्हणाले, "माझा कान गेला असंल सर. वय झालं."

मी म्हटलं, एकदा माझ्याबरोबर गाऊन पाहा. मी वरचा धरतो, तुम्ही खर्जाची ओळ घ्या. अगदी सावकाश.

त्यांनी षड्ज लावला. मी वर तोच षड्ज धरून ठेवला, ते धैवतावर उतरले. उतरले आणि थांबले. डोळे मिटलेले. दोन आवाजांमध्ये जी बारीकशी थरथर होती ती हळूहळू मंदावत गेली आणि पूर्ण थांबली, तेव्हाच त्यांनी मान हलवली. मग मी धैवत धरला, ते रिषभावर गेले. पुन्हा तसंच, थरथर थांबेपर्यंत हलायचं नाही. मग पंचम. मग षड्ज. प्रत्येक पाऊल इतकं स्वच्छ की मला स्वतःचा आवाज त्यात विरघळल्यासारखा वाटला. आम्ही जिथे पोचलो तिथे फोनवर पाहिलं. 138.6 ला निघालो होतो, 137 ला पोचलो.

"परत," मी म्हटलं.

परत तेच. पाव हर्ट्झचा फरक नाही. तिसऱ्यांदा काकू स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या.

मग मी टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. दोन स्वर अगदी शुद्ध मिळतात तेव्हा त्यांच्या कंपनसंख्या सोप्या प्रमाणात असतात. षड्जावरून खाली मंद्र धैवत: पाच भागिले सहा. धैवतावरून वर रिषभ: गुणिले चार भागिले तीन. रिषभावरून खाली पंचम: गुणिले दोन भागिले तीन. पंचमावरून वर षड्ज: गुणिले चार भागिले तीन. सगळं गुणून टाकलं तर एक यायला हवं, कारण आपण निघालो तिथेच परत आलो. येतं 80 भागिले 81.

हा एक्याऐंशीवा भाग आपल्या श्रुतिशास्त्राला चांगला ओळखीचा आहे, त्याला प्रमाण श्रुती म्हणतात. मी तो पुस्तकात वाचला होता, विद्यार्थ्यांना सांगितलाही होता. माझ्याच कागदावर तो पाच वेळा लिहून ठेवलाय हे कळलं नव्हतं. ध्रुवपद सुरुवातीला एकदा आणि चार अंतऱ्यांनंतर चारदा. पाच वेळा 80 भागिले 81 केलं की 138.6 चे होतात 130.3. पांढरी एक 130.8 ला असते.

गार्डसाहेब कडेवरचे आकडे बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे मी बरोबर गात होतो?"

"इतकं बरोबर बाकी कुणीच गात नव्हतं. म्हणून तर उतरलं."

"मग चुकलं कोण?"

"मी. ओळ माझी होती."

काकू म्हणाल्या, "हे मालगाडीच्या डब्यात एकटेच गायचे तासन् तास. कुणी ऐकायला नाही, चुकायला पण कुणी नाही." मग त्यांनी पन्ह्याचा दुसरा ग्लास आणला. मला वाटतं तेव्हा मला माफ केलं असावं.

तपासणी

हिशेब आणि प्रत्यक्ष इतके जुळले की मलाच शंका आली. माणसं काही गुणाकार करत गात नाहीत. ती कधी वर सावरतात, कधी दमतात. म्हणून जूनच्या पहिल्या बुधवारी, गार्डसाहेब परत आल्यावर, मी तीच ओळ उलटी गाऊन घेतली: सा-प-रे-ध-सा. हिशेबानं आता सूर चढायला हवा होता. चढला नाही. पण उतरलाही नाही, जागेवर राहिला. दमानं जेवढं खाली आणलं तेवढं ओळीनं वर नेलं असावं, असा माझा अंदाज. निषाद होता तोवर उतार का दिसला नाही, याचाही अंदाजच आहे: तीन स्वरांच्या समूहात थोडी तडजोड खपून जाते, पोकळ पंचमात खपत नाही. तिथे कानाला शुद्धच हवं असतं. बुवांनी नी काढायला लावला म्हणून सूर पडला, असं मागाहून कुणी म्हणालं तेव्हा मी ते तिथेच थांबवलं. एकाला नाहक बोल लावून झालेला होता.

सर्वांसमोर मी चूक सांगितली. किराणावाले गार्डसाहेबांना काही बोलले नाहीत, पण चहाच्या वेळी स्वतः उठून पहिला कप त्यांना नेऊन दिला.

उपाय म्हणून आधी फोनवरचा तानपुरा लावला, मूळ ओळ तशीच ठेवून. तानपुरा असल्यावर सूर उतरणार कुठे? उतरला नाही, पण दुसरंच दुखणं निघालं. षड्ज पक्का बांधला की भूपाचा रिषभ आणि भूपाचा धैवत एकमेकांशी शुद्ध पंचमानं जुळत नाहीत, बरोबर तो एक्याऐंशीवा भाग कमी पडतो. खर्ज रिषभावर आणि वर धैवत, अशा जागी सगळे अस्वस्थ व्हायचे आणि वरचे धैवत नकळत चढवायचे. बुवांनी लगेच हात वर केला. "हा धैवत देशकारात चालला." भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच, धैवताची उंची आणि वजन हा दोघांतला एक मोठा फरक. कानानं बुवांनी जे पकडलं ते मी आकड्यांनी पकडलं होतं, आणि त्यांना चार सेकंद लागले.

पेटी किंवा पियानोवर हा तुटवडा सगळ्या स्वरांत थोडा थोडा वाटून टाकलेला असतो, म्हणून तिथे असल्या ओळी बिनबोभाट चालतात. साथीशिवाय गाणाऱ्यांना तो दर वेळी कुठेतरी गिळावा लागतो. मला तो भूपात गिळायचा नव्हता.

मग ओळच टाकली. आणि जे केलं ते इथल्या सगळ्यांना आधीपासून येत होतं. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी सूर धरून उभे असतात. वारीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, एकीनं चरण म्हणायचं, दुसरीनं उचलायचं, मधे विणेकरी. मी खर्जाला षड्ज आणि मंद्र पंचम यांवर पक्कं बसवलं, हलायचं नाही. वरचे आणि मधले दोन रांगांत केले, एक रांग चरणाच्या शेवटच्या स्वरावर थांबते तोच दुसरी पुढचं उचलते, त्यामुळे स्वर एकमेकांवर चढतात. खालच्यांना गंधार-पंचमाच्या आसपासची भरणी. रिषभ आणि धैवत येतात, पण दोघंच एकमेकांसमोर कधी उभे राहत नाहीत. कागद निम्म्यानं पातळ झाला. सदरच्या चर्चमध्ये शिकलेलं त्यात फार थोडं उरलं होतं, तळ मोकळा ठेवायचा एवढंच.

पहिल्याच तालमीत शेवटचा षड्ज 137.9 ला लागला. खर्जातली बाकीची तीन माणसंही आता मोठ्यानं गाऊ लागली, कारण चुकायची भीतीच नव्हती.

आषाढीला महालातल्या एका विठ्ठल मंदिरात गायलो. दुपारपासून पाऊस, फरशी ओली, ऐकायला साठेक माणसं, त्यातली निम्मी पाऊस थांबायची वाट पाहणारी. सभामंडपाच्या दगडी भिंतींनी खर्ज असा उचलला की पहिल्या ध्रुवपदाला पुढच्या रांगेतलं एक पोर मागे वळून स्पीकर शोधायला लागलं. मिहानवाल्या पोराच्या खिशात अ‍ॅप चालूच होतं; शेवटी 137.5. एवढी घसरण कुठल्याही भजनात होते. नंतर एक आजोबा जवळ आले, बुवांच्या ओळखीचे. "छान झालं. पण तुम्ही सगळे वेगवेगळं काहून गाऊन राहिले होते? एकत्र बसवायला वेळ नाही मिळाला का?" बुवांनी फार गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, हो, पुढच्या वर्षी बसवू.

गार्डसाहेब मंदिराबाहेर छत्री उघडत होते. मी म्हटलं, सूर राहिला साहेब, तुमच्यामुळे.

"राहिला ना," ते म्हणाले. "पण सर, साडेसहा मिनिटं सा आणि प. आमची मालगाडी सायडिंगला टाकल्यावर अशीच उभी राहायची. पुढच्या वेळी जरा चालू द्या की."

गणपतीसाठी नवीन कागद लिहायला घेतला आहे. खर्ज हलतो, पण धैवताकडून रिषभाकडे जात नाही. कडेला गुणाकार मांडून ठेवला आहे. आत्तापर्यंत एक येतोय.